आधी बोट, मग चूल

सांगलीला शिकत असताना मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, ते चाचा भर रस्त्यात भिंतीकडे पाठ करून उभे राहायचे, कमरेत वाकायचे आणि स्वतःच्याच दोन पायांच्या मधून त्या भिंतीकडे बघायचे. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगात पांढरा पायजमा आणि ढगळ सदरा. वाकले की डोक्यावरची जाळीची टोपी मातीत पडायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना चक्कर आली असं वाटून मी धावत गेले. त्यांनी तसंच वाकलेल्या अवस्थेत मला हाताने थोपवलं.

"थांब पोरी. काय झालं न्हाई मला. उलटं बघितलं की कुठली बाजू जड झालीय ते कळतंय."

"आणि सरळ बघितलं की?"

"सरळ बघणारा वाचत बसतोय."

वाचणं ही त्यांच्या लेखी हलकी गोष्ट होती. जगातल्या सगळ्या गोष्टींची त्यांनी दोन भागांत वाटणी केली होती. काही गोष्टी 'दिसतात' आणि काही नुसत्या 'वाचतात'. 'दिसतंय' ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी आणि 'वाचतंय' ही शिवी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी चाचींची जांभळी साडी नेसले, तेव्हा त्यांनी एक डोळा मिटून मला न्याहाळलं आणि म्हणाले, "दिसतंय." एकदा चौकात एका पुढाऱ्याचं भाषण चाललं होतं. चाचा थोडा वेळ थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "ह्यो नुसता वाचतोय." लोक हसले. पुढारी खरोखरच कागद वाचत होता.

चाचा पेंटर होते. भिंतीवर जाहिराती रंगवणं हा त्यांचा धंदा. मी राहायला गेले तोवर तो धंदा संपलेला होता. गावोगावी फ्लेक्स लागले होते. चाचा फ्लेक्सला 'चादर' म्हणत. "चादर टाकत्यात, चादर काढत्यात, भितीला काय कळत बी न्हाई," असं ते म्हणायचे. पण सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या पेंटरांना त्यांचं नाव सांगितलं की ती माणसं बसल्या जागेवरून उठायची. हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यांच्या आधी आमच्याकडे भिंतीवरची जाहिरात म्हणजे जत्रा असायची. वर देव, दोन बाजूंना मोर, मधे दुकानदाराचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, माल कुठे कुठे मिळतो त्या गावांची नावं, आणि राहिलेल्या कोपऱ्यात माल. चाचांनी ऐन तरुणपणी हे सगळं काढून टाकलं. अख्खी भिंत एका रंगाची, बहुधा हळदीसारखी पिवळी. त्यावर एकच वस्तू, माणसापेक्षा मोठी. खाली तीन-चार शब्द. बाकी काही नाही. चहाची जाहिरात असेल तर भिंतभर एक कपबशी आणि तिची काळी सावली. सायकलची असेल तर नुसतं हँडल आणि घंटी, जणू सायकल भिंत फोडून बाहेर येते आहे. अक्षरांवरची रेघ ते सगळ्यात शेवटी मारायचे, श्वास रोखून, एका दमात. तोपर्यंत खाली अक्षरं सुटी सुटी उभी असायची.

एक व्यापारी म्हणे वैतागून त्यांना म्हणाला होता, "पेंटर, अर्धी भिंत रंगवायची ऱ्हायली की!"

"ऱ्हायली न्हाई शेठ. तिथनं गिऱ्हाईक आत येतंय."

चित्र झालं की ते एसटीत बसून त्या भिंतीसमोरून जायचे. धावत्या गाडीच्या खिडकीतून चित्र ओळखू आलं नाही, तर पुढच्या स्टॉपवर उतरून परत यायचे आणि सगळं पुसून नव्याने सुरू करायचे. पाटणपासून मिरजेपर्यंतच्या पेंटरांनी त्यांचा पिवळा उचलला, त्यांची सावली उचलली. आजही एखाद्या जुन्या गोदामावर पिवळ्या जमिनीवर एकटीच बादली दिसली, तर ती चाचांची असते, नाहीतर त्यांच्या नकलेची नक्कल असते.

या माणसाच्या घरी मी कशी पोचले, तेही सांगायला हवं. आमचं गाव माण तालुक्यात. वडील मेंढरं राखायचे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून वडील आणि मी सांगलीत दारोदार फिरत होतो. वडिलांचा पटका, काठी, खांद्यावरचं घोंगडं बघून लोक दारातूनच नाही म्हणत. चाचींनी आधी पाणी दिलं, मग भाकरी वाढली आणि भाकरी खाताना वडिलांना विचारलं, "पोरगी शिकणार हाय न्हवं नक्की? मधीच लगीन करून न्यायची न्हाई. तसं आसंल तर खोली न्हाई."

वडिलांनी मान हलवली. त्या एका अटीमुळे मी पदवीपर्यंत पोचले, असं मला वाटतं. पुढे दोनदा माझ्यासाठी स्थळ आलं, आणि दोन्ही वेळा वडील घरात म्हणाले, "त्या बाईला शबूद दिलाय."

त्या दिवशी भाकरी खाताना मी चाचींकडे बघत होते. हा चेहरा मी कुठेतरी पाहिला आहे, अगदी रोज पाहिला आहे, असं वाटत होतं. पण आमच्या कुणाच्या नात्यात सांगलीची मुसलमान बाई असण्याचं कारण नव्हतं. सुट्टीत गावी गेले, स्टँडवर उतरले, आणि समोरच्या घराच्या भिंतीवर चाची होत्या.

आम्ही तिला मशेरीची बाई म्हणायचो. हळदी पिवळी भिंत, त्यावर खांद्यापर्यंत एक तरणी बाई. हिरवा पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. उजव्या हाताचं पहिलं बोट खालच्या ओठावर, आत जाता जाता थांबलेलं. डोळे एका बाजूला वळलेले आणि हसणारे, घर उठायच्या आत उठलेल्या बाईचे असतात तसे. कोपऱ्यात छोटी डबी. आणि खाली चार शब्द: 'आधी बोट, मग चूल.'

आमच्या भागात बायकांना मशेरी लागते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटाने दातांना लावायची. घरोघरी होणारी ही वस्तू डबीत भरून विकायची म्हणजे लोक हसणार होते. चाचांच्या त्या भिंतींनी ती खपवली. चार शब्दांची तर म्हण झाली. सासवा सुनांना टोमणा मारायच्या, "हिचं आधी बोट, मग चूल." माझी आई मला शाळेसाठी उठवतानासुद्धा हेच म्हणायची. मशेरी ही आधी लग्न झालेल्या बायकांची गोष्ट होती. त्या भिंतीनंतर परकरातल्या पोरी चोरून लावायला लागल्या. कंपनी कधीच बुडाली, तसल्या जाहिराती बंद झाल्या, पण बोटं राहिली.

चाचींना मी हे सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या आणि त्यांचं बोट तोंडातच होतं. त्यांनी मोरीत चूळ टाकली आणि खो खो हसल्या.

"आगं, मी कुठं लावत हुते? माझ्या म्हायेरी कुनी लावत न्हवतं. ह्येंनी मला पाटावर बसिवलं. म्हनले, बोट ठेव ओठावर. ठिवलं. म्हनले, खोटं दिसतंय. तू बोट नुसतं ठिवलंयस, लावत न्हाईस. लावणाऱ्या बाईचं डोळं निराळं आसत्यात. मग दिली चिमूटभर. पयल्या दिशी वकले. डोसकं गरागरा फिरलं. दुसऱ्या दिशी परत पाटावर. चित्र हुईपातूर माझा हात आपसूक डबीकडं जायाला लागला. चित्र संपलं, बोट ऱ्हायलं."

चाचा कोपऱ्यात पेपर धरून बसले होते. ते पेपरातल्या फक्त जाहिराती बघायचे. मान वर न करता म्हणाले, "पण दिसलं का न्हाई?"

"दिसलं की! माझ्या भावाला पन दिसलं."

भावाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. बायकोचा चेहरा चव्हाट्यावर लावला म्हणून माणसं बोलली. कुंकू रेखलं म्हणजे कुणी ओळखणार नाही, असा चाचांचा हिशेब होता. भावाने बहिणीला एसटीतून ओळखलं. त्यानंतर तो या घराची पायरी चढला नाही. त्याच्या मयतीलाच चाची माहेरी गेल्या. "भाऊ गेला, भिंत ऱ्हायली," एवढंच त्या म्हणायच्या आणि पुन्हा भाजीकडे वळायच्या.

मला आजवर पडलेला प्रश्न हा, की त्यांना त्या चित्राचा राग होता की अभिमान. दोन्ही असावं. बाजारात एखादी बाई "तुमास्नी कुठंतरी बघितलंय" म्हणाली, की चाची पदर थोडा मागे सारून उभ्या राहायच्या.

मी शेवटच्या वर्षाला असताना चाचींच्या गालाला आतून जखम झाली. गरम चहाने पोळलं असेल, असं त्या म्हणत राहिल्या. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या. मग कुस्करलेलीही जाईना. चाचांच्या हे लक्षात आलं नाही. ज्या माणसाला धावत्या एसटीतून रेघेचा केसभर वाक दिसायचा, त्याला समोर बसून जेवणाऱ्या बायकोच्या गालावरची सूज दिसली नाही. माझ्याही लक्षात उशिराच आली.

मिरजेच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर होते. डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. त्याने बॅटरीने तोंडात बघितलं आणि विचारलं, "मशेरी लावता?"

चाचींनी मान हलवली.

"किती वर्षं झाली?"

चाची आठवू लागल्या. मग जड जिभेने म्हणाल्या, "ह्येंना इचारा. ह्येंच्या ध्यानात आसंल."

त्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरंच आठवत नव्हतं. डॉक्टरने चाचांकडे पाहिलं. चाचा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते.

"तिचं चित्र काढलं तवापासनं," ते म्हणाले.

डॉक्टरला अर्थातच काही कळलं नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला.

ऑपरेशनमध्ये डावीकडचा खालचा जबडा गेला, ओठाचा आणि जिभेचा भाग गेला. नाकातून नळी आली. बोलणं थांबलं. घरी आल्यावर चाचींनी पहिल्यांदा मला खुणेने भिंतीवरचा आरसा काढायला लावला. मग पदर नाकापर्यंत ओढून घेतला आणि तो पुन्हा खाली येऊ दिला नाही. मी बाजारातून पाटी आणि खडू आणला. चाची चौथीपर्यंत शिकल्या होत्या. अक्षर गोल, ठळक होतं. काही हवं असलं की खडूने पाटीच्या चौकटीवर टकटक करायच्या.

चाचा त्यांचं सगळं करायचे. नळीतून दूध देणं, कपडे धुणं, केस विंचरणं. पण बघायचे ते कपाळ आणि डोळे. पदराखाली त्यांची नजर जात नसे. जखम पुसायचं काम तेवढं माझ्याकडे होतं.

आणि त्याच महिन्यात त्यांनी मशेरीच्या भिंती पुसायला सुरुवात केली.

सकाळी चाचींना दूध देऊन झालं की बादली, कुंचला आणि चुन्याची पिशवी घेऊन ते एसटी पकडायचे. कुठे कुठे काय रंगवलं आहे, ते सगळं त्यांना पाठ होतं. तासगावकडची गावं, कुंडल, पलूस, मग कराडच्या बाजूला. लोक आधी चक्रावायचे, मग भांडायचे. एका गावात घरमालक दांडकं घेऊन आला.

"आवं चाचा, आमची खूण हाय ती! मशेरीच्या बाईचं घर म्हणून पत्ता सांगतो आमी!"

"आता चुन्याचं घर म्हणा."

"आमच्या भितीला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई!"

"लावतानी तरी कुठं इचारलं हुतं तुमाला?" चाचा म्हणाले आणि चुना मारत राहिले. त्या दिवशी ते कपाळाला खोक घेऊन परत आले.

गंमत अशी, की त्या कामाचा उपयोग होत नव्हता. चाचांची एक पद्धत होती. जमीन म्हणजे मागचा रंग, अक्षरं, वस्तू हे सगळं ते पाण्याच्या रंगात करायचे, पण माणसाचा चेहरा मात्र तेलाच्या रंगात. त्यामुळे बहुतेक भिंतींवर पावसाने शब्द आणि डबी कधीच धुऊन नेली होती आणि चेहरा तेवढा उरला होता. आता त्या चेहऱ्यावर ते चुना मारत होते. तेलाच्या रंगावर चुना धरत नाही. चार-दोन आठवड्यांत पापुद्रे सुटायचे आणि आधी डोळे, मग बोट, असं करत बाई परत वर यायची. कुंडलचा एक ओळखीचा माणूस बाजारात भेटला आणि मला म्हणाला, "तुझ्या चाचाला सांग, बाई न्हाई ऐकत."

हे चाचींच्या कानावर गेलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "तेलावर चुना धरतो काय?"

चाचांनी वाचलं आणि ते अंगणात निघून गेले. उभा जन्म रंगात गेलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? ठाऊक असून ते चुनाच नेत होते. त्याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही.

शेवटी एकच भिंत उरली, आमच्या गावची. आमच्याकडे पाऊस नावालाच पडतो. त्यामुळे अख्ख्या दोन जिल्ह्यांत एवढ्याच ठिकाणी ते चित्र होतं तसं राहिलं होतं. पिवळा, डबी, अक्षरं, सगळं शाबूत. माझा निकाल लागला होता आणि तो सांगायला मी गावी जाणार होते. चाचा म्हणाले, "मी येतो संगं. तेवढी एक ऱ्हायलीय."

खडूची टकटक झाली. चाचींनी लिहिलं होतं, "ती राहू दे."

"कशाला ऱ्हाऊ दे? अजून किती बायकांचं वाटुळं करायचंय?"

चाचींनी पाटी पदराने पुसली आणि भराभर लिहिलं. खडू मोडला. मोडक्या तुकड्याने पुरं केलं आणि पाटी त्यांच्यासमोर धरली.

"तुमचं पाप धुवायला माझंच तोंड?"

चाचींनी पाटी वळवून घेतली, खाली उरलेल्या जागेत अजून एक ओळ लिहिली आणि या वेळी ती चाचांना नाही, मला दाखवली. मी वाचून दाखवावं अशी त्यांची इच्छा होती. मी वाचलं, "माझं तोंड आता तिथंच आहे."

मग चाचा म्हणाले, "बरं. तोंडाला हात लावत न्हाई. डबी आन् अक्षरं तेवढी चुन्यानं मारतो. मग ते इख ऱ्हात न्हाई. मग नुसती तू."

चाचींनी मान हलवली.

विट्यावरून दहिवडीकडे जाताना चाचा खिडकीशी बसले होते. वाटेतले वाढदिवसांचे फ्लेक्स त्यांना दिसतही नव्हते. गावात उतरलो. घरी जाऊन निकाल सांगायच्या आधी मी त्यांच्यासाठी शिडी मागून आणली. चाचा भिंतीसमोर गेले, पाठ करून उभे राहिले आणि वाकले. स्टँडवरची पोरं हसली. ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

त्यांनी आधी अक्षरांवरची रेघ पुसली. मग 'चूल', मग 'मग', असं उलटं करत आले. मग डबी. चुना पाण्याच्या रंगावर छान बसत होता. पिवळ्या भिंतीवर आता फक्त बाई होती. पदर, कुंकू, डोळे आणि ओठावरचं बोट. चाचा शिडीवरून मागे झुकून बघत होते. मला वाटलं, जमलं. चाचींनाही जे हवं ते झालं आणि यांनाही.

खाली कट्ट्यावर एक म्हातारी शेरडं घेऊन बसली होती. आमच्याच आळीतली. मघापासून सगळं बघत होती.

"पेंटरबाबा, बाईला ठिवलीस व्हय?"

"ठिवली."

"ब्येस केलंस बग. मी लगीन हून आले तवापासनं हाय ती हितं. आमी बायका हितं पान्याला उभ्या ऱ्हायचो. हिला बघितली की तल्लफ येती मला आजून." असं म्हणत तिने कनवटीची डबी काढली, चिमूट घेतली आणि बोट ओठाशी नेलं. तेच बोट, त्याच जागी. डोळेसुद्धा तसेच एका बाजूला वळले.

चाचा शिडीवरून उतरले. तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"मावशी, ही माझी बायको."

"आगं बया! खरंच का? गुनाची दिसती रं."

"तिला क्यान्सर झालाय. ह्या मशेरीनंच. जबडा काढला. भाकरी जात न्हाई, बोलता येत न्हाई."

म्हातारीने वर भिंतीकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. "आरारारा! आन् किती तरनी हाय की रं ती!" ती म्हणाली. बोट तोंडात फिरतच होतं. चाचा त्या बोटाकडे बघत होते. म्हातारीच्याही ते लक्षात आलं. ती बाजूला थुंकली, पदराने तोंड पुसलं आणि ओशाळून म्हणाली, "येवढी डबी संपू दे. मग न्हाई लावायची."

चाचा उठले. कुंचला चुन्यात बुडवून पुन्हा शिडी चढले आणि चेहऱ्यासमोर जाऊन थांबले. इतक्या जवळून भिंतीवरचं ते बोट त्यांच्या हाताएवढं लांब होतं. कुंचल्यातला चुना त्यांच्या कोपरावरून गळत होता. मी खाली शिडी धरून होते. त्यांना अडवावं की नाही, मला कळत नव्हतं. आईपासून गल्लीतल्या पोरींपर्यंत सगळ्यांची बोटं मला ठाऊक होती. आणि पदराखाली काय उरलं आहे, तेही मी रोज पुसत होते.

चेहऱ्याला चुना न लावताच ते उतरले. कुंचला बादलीत टाकला. "चल," म्हणाले, "ती वाट बघत आसंल."

घरी निकाल सांगून, आईने बांधून दिलेली भाकरी घेऊन आम्ही त्याच दुपारी निघालो.

चाची उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारणीने दिवा लावला होता. आम्हाला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. चाचा त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी हात वर करून चाचींच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. चाची दचकल्या, पण त्यांनी अडवलं नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते तो चेहरा बघत होते. वरपासून खालपर्यंत, सगळा.

"हाय तितं," ते म्हणाले. "डोळं तसंच हायीत. कुंकू जरा उडालंय. बाकी जशीच्या तशी."

चाचींनी डोळे मिटले. छाती हलकी झाल्यासारखी खाली आली. चाचांनी इथेच थांबावं, असं मला वाटत होतं. पण ते थांबणारे नव्हते.

"एक सांगतो," ते म्हणाले. "डबी मारली, अक्षरं मारली. तरीबी एक म्हातारी तुला बघून मशेरी लावत बसली. माझ्या म्होरं. नुसतं तुला बघून."

चाचींनी डोळे उघडले. मग त्यांनी पाटी ओढली. खडू अगदी लहान उरला होता, बोटांच्या टोकात धरून त्यांनी लिहिलं आणि पाटी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"पुसा."

"चाचा," मी म्हणाले, "उद्या जाऊ या का आपण?"

चाचा त्या दोन अक्षरांकडे बघत होते. मग त्यांनी सदऱ्याचं टोक थुंकीने ओलं केलं, शाळेतली पोरं करतात तसं, आणि पाटी पुसली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, चौकटीच्या खाचेतली खडूची भुकटीसुद्धा नखाने काढली. कोरी पाटी त्यांनी चाचींच्या मांडीवर परत ठेवली.

चाचींनी पुन्हा तेच लिहिलं. चाचांनी पुन्हा पाटीच पुसली.